मातृत्व : ईश्वरी प्रेमाचे प्रतिबिंब



आईच्या वात्सल्यात परमेश्वराच्या प्रेमाचे प्रतिबिंब पाहावे, ही कॅथलिक परंपरेची श्रद्धा. जवळच्या अमळनेरला अध्यापन केलेल्या साने गुरुजींची 'श्यामची आई' वाचलेल्या एरंडोलकरांना ती परकी वाटणार नाही.

आज स्मरण होते ते इटलीतील डॉ. जिआन्ना बेरेत्ता मोल्ला यांचे. मिलानजवळील मेसेरो येथे १९५० पासून त्या दवाखाना चालवीत. १९६१ मध्ये, चौथ्या अपत्याच्या गरोदरपणात, गर्भाशयात गाठ आढळली. गर्भाशय काढल्यास त्यांचा धोका टळला असता. त्यांनी केवळ गाठ काढून घेतली. २१ एप्रिल १९६२ रोजी कन्या जन्मली आणि २८ एप्रिलला जंतुसंसर्गाने त्या गेल्या. १६ मे २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिले. ती कन्या पुढे डॉक्टर झाली.

ही कथा सांगताना मला भीतीही वाटते. आपल्याकडे बाई सर्वांमागून जेवते, ताप अंगावर काढते, आणि त्यालाच मातृप्रेम म्हणून आपण मोकळे होतो. जिआन्नांना मरण नको होते. प्रसंग आलाच तर बाळ आधी, एवढेच त्यांनी सांगून ठेवले होते. देवाचे प्रेम स्वेच्छेने दिलेले असते, तसा तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. सासरने, धर्माने वा रुग्णालयाने तो कोणावर लादू नये. आपले काम निराळे आहे : गर्भवतीचे हिमोग्लोबिन वेळेवर तपासणे, अपरात्री रक्ताची सोय ठेवणे, आणि सारे नातलग पाळण्याभोवती जमले असता आईची नाडी पाहण्यास कोणीतरी तिच्या खाटेशी असणे.