खिन्न मन आणि मेंदूतील विद्युल्लहरी

मन कोठे वसते हा तत्त्ववेत्त्यांचा प्रश्न. पण माणूस निद्राधीन असता त्याचा मेंदू काय करीत असतो, हे आज कागदावर उमटवून पाहता येते. जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युल्लहरी प्रथम नोंदविल्या. पुढे १९५३ साली बेटी ट्वारॉग व अर्विन पेज यांनी सेरोटोनिन हे द्रव्य मेंदूतही असल्याचे दाखविले. मेंदूच्या देठातील काही मज्जापेशी ते निर्माण करतात. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, या पेशी जागेपणी संथ लयीने चालतात, गाढ झोपेत मंदावतात आणि स्वप्ननिद्रेत जवळजवळ मूक होतात.

निरोगी माणसाला पहिली स्वप्ननिद्रा झोप लागल्यावर सुमारे ९० मिनिटांनी येते. खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या पुष्कळांच्या आलेखात ती बरीच लवकर अवतरते. सेरोटोनिनचे कार्य वाढविणारी औषधे दिली की ती लांबते व आखडते. आणि हा परिणाम निरोगी माणसातही पहिल्या काही रात्रींतच दिसतो. परंतु रुग्णाचे मन उजळावयास मात्र कित्येक आठवडे लागतात. लहर आधी बदलते, मन मागाहून!

याच्या उलट प्रयोगही झाला आहे. सेरोटोनिन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन आहारातून तात्पुरते घटविले, तर बहुतेक निरोगी माणसांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडत नाही. पण अशा औषधांनी सावरलेल्या काही रुग्णांत जुनी खिन्नता काही तासांतच, थोड्या काळापुरती, परत डोकावते. म्हणजे ‘सेरोटोनिन कमी झाले की माणूस खिन्न झाला’ हा हिशेब फारच सोपा आहे. एकच द्रव्य, पण ज्या मेंदूत ते कार्य करते त्याचा पूर्वेतिहास निराळा.

यातून आपण काय घ्यावे? आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून औषध टाकून देणारा रुग्ण आणि ‘मन घट्ट कर’ म्हणून त्याला बजावणारे आप्त, दोघेही नकळत चुकतात. औषध सुरू करणे वा थांबविणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. आप्तांनी द्यावयाचे ते एवढेच: धीर, आणि थोडा अवधी.