अम्मीच्या तक्रारीचा अर्थ



तुमच्यापैकी अनेकजण अम्मीला घेऊन दवाखान्यात गेले असाल. ती घरी म्हणते, ‘दिल घबराता है, सर भारी रहता है.’ डॉक्टर मराठीत विचारतात आणि उत्तर आपण देतो, ‘डोकं दुखतंय.’ रक्त तपासतात, ईसीजी काढतात, सगळं नॉर्मल येतं. मग घरात ठरतं, ‘काही झालेलं नाही, उगाच विचार करते.’ कुणी तिच्या ईमानावरच शंका घेतं. ‘मी उदास आहे’ असं ती म्हणत नाही, त्यामुळे डिप्रेशनची शंका कुणालाच येत नाही.

हे फक्त आपल्या घरात घडतं असं समजू नका. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात १०० रुग्ण तपासले. त्या सर्वांचं निदान होतं ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे नसांचा अशक्तपणा. तक्रारी डोकेदुखी, थकवा, झोप न येणं अशा होत्या. नीट विचारपूस केल्यावर त्यातले ८७ जण डिप्रेशनच्या निकषांत बसले. सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपली होती. मन खचलंय असं म्हणणं तिथे लाजेचं आणि धोक्याचंही होतं. डोकं दुखतं, एवढं मात्र सांगता येत होतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचं डोकं खरंच दुखत होतं.

झिम्बाब्वेत शोना भाषेत अशा त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेतल्या आज्यांना प्रशिक्षण दिलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून या आज्या लोकांचं ऐकतात, त्यांच्याच शब्दांत बोलतात आणि एकेक अडचण सोडवायला मदत करतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचा चांगला गुण दिसला. आपल्या शेजारी गोव्यातही ‘संगाथ’ संस्थेने गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशनासाठी तयार केलं आहे.

यात आपलं काम काय? घरातले दुभाषे आपण आहोत. अम्मीचे शब्द गाळू नका. ‘दिल घबराता है’ हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. रक्त कमी असणं, थायरॉइड यांची तपासणी आधी होऊ द्या. सोबत हेही विचारा: झोप लागते का? भूक लागते का? पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का? जगणं नकोसं वाटतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं असेल तर मदत घ्या. सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दुआ जरूर करा. सोबत डॉक्टरकडेही जा. यातलं एक केलं म्हणून दुसरं सोडावं लागत नाही.

आज घरी गेल्यावर अम्मीजवळ, अब्बांजवळ दहा मिनिटं बसा आणि नुसतं ऐका.