पुस्तक मिटून सांग!

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा म्हटले तरी मला घाम फुटतो. अशा बाईला आज व्यासपीठावर उभे केले आहे, आणि विषय दिला आहे ‘दहावीच्या मुलांचा अभ्यास’! मी चिटणीसबाईंना म्हटले, “अहो, मी सातवी शिकलेली. मी काय सांगणार?” त्या म्हणाल्या, “म्हणूनच तुम्ही सांगा.” तेव्हा चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

माझे माहेर अकोला जिल्ह्यातले एक लहान खेडे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत शिक्षण पोहोचविण्याचे मोठे काम झाले. परंतु आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल आठ किलोमीटर लांब. मुलीच्या जातीने एकटीने जायचे कसे, म्हणून १९९३ साली माझे दप्तर खुंटीला लागले, ते कायमचेच. पुढे लग्न होऊन अमरावतीस आले. मुले झाली, शाळेत जाऊ लागली. मुलगी पाचवी-सहावीत होती तोवर मी जवळ बसत असे. पुढे पुढे मात्र तिची पुस्तके माझ्या डोक्यावरून जाऊ लागली. एकदा मी सहज काही विचारले, तर ती म्हणाली, “आई, तुले काय समजते त्यातलं?” ती रागाने बोलली नव्हती. पण त्या दिवसापासून मी विचारायचे सोडले. दूध नेऊन द्यावे, पंखा तिच्याकडे वळवावा, एवढेच माझे काम, असे मनाशी ठरवून टाकले.

गेल्या वर्षी ती दहावीस गेली. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. लगेच जुलैत पहिली चाचणी झाली. पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसायची. पुस्तकात पिवळ्या पेनाने इतक्या ओळी रंगविल्या होत्या की पान हळदीत बुडविल्यासारखे दिसे. मी शेजारणींना कौतुकाने सांगत असे, “आमची फार अभ्यास करते हो!”

एके दिवशी तिचे दप्तर धुवावयास काढले, तर आत चाचणीचा पेपर सापडला. विज्ञानात २० पैकी ७ गुण. खाली पालकाची सही होती. सही माझी, पण मी केलेली नव्हती!

भगिनींनो, त्या रात्री मला जेवण गेले नाही. आधी संताप आला. मग वाटले, पोरीने हे कोणापासून लपविले? आईपासून. कारण आई मदत करील असे तिला वाटलेच नाही. गुण तिचे कमी पडले होते, पण घरात तिला विचारणारे कोणी नव्हते, ही चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन वर्गशिक्षिका बाईंना भेटले. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तोच पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून, जेवढे आठवेल तेवढे कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्याने घेतली तेव्हा मिटून लिहिणाऱ्यांना पुष्कळ अधिक आठवत होते. बाई म्हणाल्या, “तुमची मुलगी वाचते फार, पण आठवून पाहत नाही. पुस्तक समोर असले की सगळे येते असे वाटते. परीक्षेत पुस्तक नसते.”

मी म्हटले, “पण मला तर तिचा एक धडाही समजत नाही.” बाई हसल्या. “तुम्हाला समजायला नकोच. तुम्ही फक्त म्हणा, पुस्तक मिट आणि मला सांग. आणि समजले नाही तर ‘का’ म्हणून विचारा.”

घरी येऊन मुलीला जवळ घेतले. सहीबद्दल बोलणे झाले. रडणेही झाले, तिचेही नि माझेही. मग संध्याकाळी मी चुलीशी आणि ती ओट्याशेजारी पाटावर, असा आमचा वर्ग भरू लागला.

पहिल्याच दिवशीचे सांगते. धडा उष्णतेचा होता. मी आधण ठेवले होते. मी विचारले, “आधण उकळायला लागलं. आता गॅस मोठा केला तर पाणी आणखी तापते काय?” ती पटकन म्हणाली, “हो, तापीनच ना.” आणि मग थांबली. तीन वेळा वाचलेला धडा, पण उत्तर सापडेना. पुस्तक उघडून पाहिले नि आपणच म्हणाली, “नाही वं आई! पाणी उकळू लागलं की शंभर अंशांच्या आसपासच राहते. वरची उष्णता वाफ होण्यात जाते. यालेच अप्रकट उष्मा म्हणतात.” मी म्हटले, “मग इतकी वर्षे मी गॅस उगाच जाळला म्हणायचा!” तेव्हापासून आमच्या घरी आधण उकळले की गॅस बारीक होतो, आणि तो प्रश्न ती पुढे कधी चुकली नाही.

आमचे मामाजी जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यांनी हे ऐकले नि म्हणाले, “यात नवे काय? हा तर आमचा परवचा!” खरेच आहे. दिवेलागणीला पाटी-पुस्तक बाजूला ठेवून पावकी, दीडकी, औटकी म्हणावयाची, ते पुस्तकाशिवाय आठवणेच होते. मात्र नुसती पोपटपंची कामाची नाही. पाढा म्हणून झाल्यावर ‘का’ हा प्रश्न हवा. आपले गाडगेबाबा शाळेत गेलेले नव्हते, पण कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. पण त्या काळी ज्यांनी ऐकले त्यांना ते प्रश्न म्हातारपणीही आठवत. विचारलेले मनात राहते, ते असे.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. एक, सांगून झालेला धडा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा मिटून सांगावयाचा. आम्ही कॅलेंडरच्या चौकटीत धड्याचा आकडा लिहीत असू. लोणचे एका दिवसात मुरत नाही, तसेच हे. दोन, जिथे अडली तेवढेच वेगळ्या वहीत लिहावयाचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे पुस्तक नको, ती वही पुरे. तीन, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा, तर गणित-विज्ञानाचे ४० गुणांचे दोन-दोन पेपर दोन तासांचे. हात वेळेत चालण्याची सवय घरीच व्हावी. तेवढा वेळ मोबाईल माझ्या पिठाच्या डब्यावर. चार, झोप मोडू नये. जागरणाचे कौतुक मी केले, ती माझीच चूक होती.

अकोल्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे वरच्या मजल्यावर शिकवणीची मुले भाड्याने राहतात. वाशीम, बुलढाण्याहून आलेली गुणी पोरे. सकाळी एक क्लास, दुपारी दुसरा, रात्री चाचणी. बहीण सांगते, “ताई, ह्या पोराइले आपलं आपण बसायला वेळच भेटत नाही.” शिकवणी वाईट असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्याने कितीही छान शिकविले तरी चावून पचवायचे ज्याचे त्यानेच. ती मुले रात्री जेवायला उतरली की बहीणही आता विचारते, “काय शिकले आज? सांगा बरं मले.” आधी लाजत, आता आपसांत भांडून सांगतात.

आमच्या मुलीचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. ती काही पहिली आली नाही. सहामाहीला पुन्हा गणितात घसरली, तेव्हा पेपर स्वतः आणून माझ्या हाती दिला. मला तो पेपर बक्षिसासारखा वाटला. बोर्डात प्रथम श्रेणीत पास झाली. विज्ञानात १०० पैकी ७१ मिळाले. आणि कोणाचे मूल नापास झाले तर आभाळ कोसळत नाही. पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच दिवसांत होते. त्या दिवसांत मुलाला बोलण्याऐवजी त्याच्याजवळ बसा, एवढेच मागणे आहे.

आता धाकटा आठवीत आहे, तो ‘मले विचार’ म्हणून मागे लागतो. आणि मुलगी म्हणते, “आई, तुले आता अर्धी दहावी येते. सतरा नंबरचा फॉर्म भर!” बाहेरून दहावीला बसावयाचा तो फॉर्म. अजून माझे ठरत नाही. इंग्रजीची धास्ती वाटते. पण परवा तिचे जुने पुस्तक काढून मी पहिला धडा वाचला, पुस्तक मिटले आणि तिला म्हटले, “आता तू विचार.”