वादकाकडे वळून
(दहावी 1991 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



ओळख करून देताना आत्ता 'आयर्लंडमध्ये नृत्यस्पर्धा गाजवणारी आपली मैत्रीण' असं म्हटलं गेलं. तेवढं दुरुस्त करते. मी स्पर्धांमध्ये नाचते हे खरं, गाजवत काही नाही. पहिल्या स्पर्धेत आम्ही सातजणी होतो आणि मी सातवी आले. मला गणितात काठावर पास करणाऱ्या बाई समोरच बसल्या आहेत. त्यांना यात नवल वाटणार नाही.

2008 साली आम्ही डब्लिनला गेलो. मुलगी तिथल्या मैत्रिणींबरोबर आयरिश नाचाच्या क्लासला जायला लागली. आम्ही आया थंडीत हॉलबाहेर कुडकुडत बसायचो. एक दिवस त्यांच्या टीचर म्हणाल्या, बाहेर बसण्यापेक्षा आत या, मोठ्यांचाही वर्ग सुरू करू. अशी मी छत्तिसाव्या वर्षी नाचायला लागले.

हा नाच तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 1994 साली डब्लिनला युरोव्हिजन गीतस्पर्धा झाली, तिच्या मधल्या वेळात 'रिव्हरडान्स' सादर झाला आणि हा नाच जगभर पोचला. कंबरेच्या वरचं अंग ताठ, हात बाजूला सरळ, सगळा खेळ पायांचा. मऊ बुटांचे नाच वेगळे, टणक बुटांचे वेगळे. टणक बूट लाकडी स्टेजवर वाजायला लागले की मला आपल्याकडच्या तत्काराची आठवण येते. आणि जे उजव्या पायाने केलं तेच लगेच डाव्या पायाने करून दाखवायचं. माझं पितळ नेहमी तिथे उघडं पडतं.

स्पर्धेला तिकडे 'फेश' म्हणतात. लहान मुलींच्या डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप असतात, मोजे घसरू नयेत म्हणून पायाला चक्क गोंद लावतात. ड्रेसवर नंबराची चिठ्ठी. समोर परीक्षक आणि स्टेजच्या कडेला अकॉर्डियन नाहीतर कीबोर्ड घेऊन वादक. नाच संपला की परीक्षकांना वाकायचं आणि मग वळून वादकालाही वाकायचं.

माझ्या पहिल्या फेशमध्ये डाव्या पायाची पाळी आली आणि मी सगळं विसरले. मधेच उभी राहिले, कशीबशी पुन्हा सुरुवात केली, परीक्षकांपुढे मान हलवली आणि खाली उतरले. डोळ्यांत पाणी होतं. टीचर चुकीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू वादकाला वाकली नाहीस. तू थांबलीस तेव्हाही तो वाजवत होता."

मला राग आला. इथे माझी फजिती झालीय आणि हिला वाकण्याचं पडलंय! पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. तो माणूस सकाळपासून त्याच त्याच चाली वाजवत होता. त्याला बक्षीस नव्हतं, नंबर नव्हता. मी थांबले म्हणून तोही थांबला असता तर मला पुन्हा सुरुवात करायला लय कुठून सापडली असती?

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. फेशनंतर परीक्षकांच्या शेऱ्याचा कागद मिळतो. शेरा वाचायच्या आधी त्याच्या पाठीवर तीन माणसं लिहायची, ज्यांच्यावाचून आजचा नाच झाला नसता. नाव माहीत नसेल तर जाऊन विचारायचं. नंबर आला की हे सहज जमतं. शेवटून पहिली आले की हात आखडतो, तीन माणसं आठवतच नाहीत. कृतज्ञतासुद्धा डाव्या पायासारखीच आहे, रोज घोटली नाही तर नेमक्या वेळी दगा देते.

आपण मराठी माणसं घरच्या माणसांना 'धन्यवाद' म्हणत नाही, परकं वाटतं. डब्लिनला बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. सुरुवातीला मला ते जरा दिखाऊच वाटायचं. मग आयरिश भाषेतले आभाराचे शब्द कळले. त्यांचा शब्दशः अर्थ 'तुझ्यापाशी चांगलं असो' असा होतो. म्हणजे आपल्या आजीचं 'भलं होवो तुझं' तेच!

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. एका फेशनंतर तीन माणसं लिहिताना माझ्या पायांना पहिल्यांदा ताल कुणी दिला, हा प्रश्न पडला. उत्तर या मैदानावर होतं. 26 जानेवारीची लेझीम! शिकवली पी.टी.च्या सरांनी. सर, तुमचे आभार आज समोर मानते. पण वाजवत कोण होतं?

हलगीवाले काका. डिसेंबरपासून रोज दुपारी यायचे. मैदानाच्या कोपऱ्यात पाचोळा पेटवून हलगी शेकायचे, बोटाने टिचकी मारून पाहायचे आणि मग उभे राहायचे. चार आवाज, पवित्रा, आपण शंभर वेळा चुकायचो. सर आपल्यावर ओरडायचे, पण हलगी थांबायची नाही.

मी लिहायला पेन टेकवलं आणि कळलं, मला त्यांचं नाव माहीत नाही. तीन वर्षं त्यांच्या तालावर नाचले आणि नाव माहीत नाही. त्यांचा चहा मात्र आठवला. खिडकीत ठेवलेला, कान तुटलेला वेगळा कप. पिऊन झाल्यावर ते तो स्वतः विसळून पालथा ठेवायचे. हे मी कुणाला बोल लावायला सांगत नाही. एकदा तो कप मीच त्यांना नेऊन दिला होता. लहान होतो, कळत नव्हतं, असं म्हणून मला सुटता येणार नाही. तो कप वेगळा का, हे मला तेव्हाही कळत होतं.

इथे यायच्या आधी मी चौघांना फोन केले. हलगी सगळ्यांना आठवते, नाव कुणालाच नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून यायचे, एवढंच एकाला आठवलं. काका आता असतील की नाही, ठाऊक नाही. नसले तर त्यांचं घर तरी असेल. परतीच्या विमानाला अजून चार दिवस आहेत, मी उद्या सकाळी वस्तीवर जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. त्यांच्या घरी जाऊन चहा मागायचा आणि त्यांच्याच कपातून प्यायचा, एवढंच मनात आहे.

स्मरणिकेत ऋणनिर्देशाच्या पानावर एका नावाची जागा मी संपादकांकडे मागून ठेवली आहे. ज्याला ते नाव माहीत असेल त्याने जेवणाआधी मला गाठावं.