पाणबुड्यांचा सौदा



वाशीहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीनें खाडीचा पूल ओलांडला, आणि चेंबूर, कुर्ला, वडाळा, शिवडी हीं स्टेशनें मागें टाकलीं, म्हणजे कांहीं वेळानें डॉकयार्ड रोड हें लहानसें स्टेशन येतें. सकाळच्या प्रहरीं तेथें डबा घेऊन उतरणाऱ्या कामकऱ्यांत आमच्या नव्या मुंबईचे लोक पुष्कळ असतात. त्यांतील कित्येकांची वाट माझगांव गोदीच्या फाटकाकडे जाते. डीझेल व विजेवर चालणाऱ्या पाणबुड्या आपल्या देशांत जेथें बांधल्या गेल्या ती ही गोदी. परंतु बांधणारे हात येथले असले तरी आराखडा परक्याचा. आराखडा परक्याचा म्हणून सौदा परक्याशीं. आणि सौदा आला कीं त्याच्या पाठोपाठ दलाल व दलालाच्या पाठोपाठ राजकारण, असा क्रम गेलीं चाळीस वर्षें चालला आहे. त्याविषयीं आज आपल्याशीं बोलावें असा विचार आहे. मी शाळामास्तर होतों. आरमारांतला कोणी जाणता नव्हे. तथापि जो पैसा ह्या सौद्यांत जातो तो आपणां सर्वांचा आहे, आणि तेवढाच माझा अधिकार.

पाणबुडी हवीच कशाला, असें कोणी विचारील, तर त्यानें १९७१ चा डिसेंबर आठवावा. त्या महिन्याच्या ९ तारखेस दीवजवळच्या समुद्रांत ‘खुक्री’ ही आपली युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हँगोर’ ह्या पाणबुडीनें बुडविली. अठरा अधिकारी व १७६ खलाशी जलसमाधीस गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहींत. ही हँगोर फ्रान्समध्यें बांधलेली होती, आणि त्याच फ्रान्सकडून पुढें आपणही पाणबुड्या घेतल्या! ह्यांत फ्रान्सला नांव ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. विकणारा विकतो. मित्रराष्ट्र हा शब्द करारपत्रांत शोभतो, पण त्याचा अर्थ सोयरा असा कोणी करूं नये.

आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ही रशियाकडून आली. १९६७ च्या ८ डिसेंबरला रीगा बंदरांत ती आरमारांत दाखल झाली. पाणबुडी येथेंच बांधावी हा विचार मात्र पुढचा. ११ डिसेंबर १९८१ रोजीं पश्चिम जर्मनींतील कील येथील एच्. डी. डब्ल्यू. ह्या कारखान्याशीं चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कीलला बांधावयाच्या, दोन माझगांवला. आपले अभियंते व कारागीर कीलला जाऊन शिकून आले. असे एक गृहस्थ आमच्या शेजारीं राहतात. ते सांगतात कीं, पाण्याचा दाब सोसणारें तें पोलादी नळकांडें जोडतांना प्रत्येक सांध्याचें क्ष-किरणांनीं चित्र घेत, आणि त्यांत केसाएवढी पोकळी दिसली तरी सगळा सांधा पुन्हां उकरावा लागे. “मास्तर, तेथें आवाज चढवून चालत नसे, चित्रांत दिसेल तें खरें,” असें ते म्हणाले, तेव्हां हें शिक्षण आपल्या पुढाऱ्यांसही मिळतें तर बरें, असें माझ्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

‘शिशुमार’ व ‘शंकुश’ ह्या १९८६ सालीं कीलहून दाखल झाल्या. आणखी दोन पाणबुड्यांची बोलणीं चालू होतीं. किंमत कमी करा असें आपल्या बाजूनें सांगण्यांत आलें. त्यावर १९८७ च्या आरंभीं बॉनच्या भारतीय वकिलातींतून संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग ह्यांच्याकडे तार आली. किंमत उतरत नाहीं, कारण तींत दलालीचे शेंकडा सात टक्के आहेत, असा तिचा आशय होता. सिंगांनीं चौकशीचा हुकूम दिला. त्यांच्याच पक्षांत केवढा गहजब झाला! १२ एप्रिलला त्यांनीं राजीनामा दिला, आणि चारच दिवसांनीं स्वीडनच्या रेडिओनें बोफोर्स तोफांचें प्रकरण बाहेर काढलें. मग पाणबुड्या मागें पडल्या, तोफाच तोफा झाल्या. पुढें १९९० सालीं, सिंग स्वतः पंतप्रधान असतांना, केंद्रीय अन्वेषण विभागानें गुन्हा नोंदविला. तपास वर्षानुवर्षें रेंगाळला, आणि दलाली कोणाच्या पदरांत पडली हें शाबीत न होतांच प्रकरण मिटलें.

तें शाबीत होणें कठीण होतें, ह्याचें एक कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. परदेशीं अधिकाऱ्यास दिलेली लांच हा त्या काळीं जर्मनींत गुन्हाच नव्हता. उलट ती व्यापाराचा खर्च म्हणून प्राप्तिकरांतून वजा करतां येई! हा प्रकार १९९९ पासून बंद झाला. ज्या देशांत एखादी गोष्ट पाप नाहीं, त्या देशाकडून त्या पापाचे कागद मागावयाचे, म्हणजे काय होणार हें उघड आहे.

पण माझें दुःख निराळेंच आहे. माझगांवला ‘शाल्की’ १९९२ त आणि ‘शंकुल’ १९९४ त पुरी झाली. पुढच्या दोन पाणबुड्या ह्या गोंधळांत राहूनच गेल्या. त्यानंतर जवळजवळ बारा वर्षें त्या गोदींत नव्या पाणबुडीस हात लागला नाहीं. चोर सांपडला नाहीं तो नाहींच, आणि घरांत आलेली विद्या मात्र निघून गेली. जोडकाम करणाराचा हात हा गवयाच्या गळ्यासारखा असतो. रियाज सुटला कीं संपला. चौकशी करूं नये, असें मी म्हणत नाहीं. सिंगांनीं ती मागितली हें योग्यच केलें. परंतु मुलानें परीक्षेंत नक्कल केली म्हणून शाळेलाच कुलूप लावणारा हेडमास्तर मीं अजून पाहिलेला नाहीं.

पुढें १९९९ त सरकारनें तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर केली. ६ ऑक्टोबर २००५ रोजीं फ्रान्सशीं सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला. रक्कम अठरा हजार कोटींहून अधिक. पुन्हां दलालीचे आरोप झाले, मंत्र्यांनीं ते नाकारले, प्रकरण न्यायालयांत गेलें. पहिली पाणबुडी २०१२ त मिळावयाची, ती ‘कलवरी’ हें जुनेंच नांव घेऊन १४ डिसेंबर २०१७ ला आली. सहावी ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ ला. मधल्या काळांत, २०१६ च्या ऑगस्टांत, ह्याच पाणबुड्यांच्या माहितीचीं बावीस हजारांवर पानें बाहेर फुटल्याचें ऑस्ट्रेलियांतील एका वर्तमानपत्रानें छापलें. संरक्षणमंत्री तेव्हां आपले गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. त्यांनीं आरमारप्रमुखांस शोध घेण्यास सांगितलें. आणि टॉर्पेडोची गोष्ट तर कथेंत शोभावी अशी आहे. ह्या पाणबुड्यांसाठीं निवडलेले टॉर्पेडो एका इटालियन कंपनीचे. तिच्याच घराण्यांतील दुसऱ्या कंपनीवर हेलिकॉप्टरच्या सौद्यांत लांचेचा आरोप आला, म्हणून टॉर्पेडोची खरेदीही रद्द. परिणामीं नवी कोरी कलवरी पाण्यांत उतरली ती पूर्वीच्या जर्मन टॉर्पेडोंवर भिस्त ठेवून. नवी बंदूक आणि आजोबांचीं काडतुसें!

हा रोग आपलाच आहे असें मात्र नाहीं. फ्रान्सनें पाकिस्तानास विकलेल्या पाणबुड्यांतील दलालीबद्दल २०२० सालीं पॅरिसच्या न्यायालयानें सहा जणांस दोषी ठरविलें. ऑस्ट्रेलियानें फ्रान्सकडून बारा पाणबुड्या घेण्याचें ठरवून २०२१ च्या सप्टेंबरांत तो करार एकाएकीं मोडला व अमेरिका आणि इंग्लंड ह्यांचा हात धरला. फ्रान्सनें संतापून वॉशिंग्टन व कॅनबेरा येथील आपले वकील माघारीं बोलाविले. सारे एकमेकांचे मित्रच!

आमच्या ठाणें-कल्याणच्या खाडीला ह्यांतलें कांहींच नवें नाहीं. १६५९ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडीच्या बाजूस जहाजें बांधावयास घेतलीं, तेव्हां रुई लैतांव व्हिएगश नांवाचा पोर्तुगीज आपल्या माणसांसह त्यांच्या पदरीं कामास होता. हें आरमार सिद्दीसाठीं आहे, असें महाराजांकडून सांगण्यांत आलें. पण वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस धास्ती पडली. त्यांनीं आपल्या लोकांस फितविलें, आणि ते कारागीर काम टाकून निघून गेले. कल्याणचे सुतार राहिले. जहाजें पुरीं झालीं, आणि वीस वर्षांनीं, १६७९ त, त्याच आरमाराच्या बळावर खांदेरी बेटावर किल्ला उभा राहिला. इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले असतांना. त्या बेटाचें नांव आज आपल्या एका स्कॉर्पीन पाणबुडीस आहे.

२०२५ सालीं आणखी सहा पाणबुड्यांसाठीं माझगांव गोदीच्या द्वारें जर्मनीच्या थिसनक्रुप कंपनीशीं वाटाघाटी सुरू झाल्या. कीलचा तो जुना कारखाना आतां ह्याच कंपनीच्या ताब्यांत आहे. म्हणजे चाळीसांहून अधिक वर्षांनीं आपण त्याच दारांत उभे आहोंत. मध्यंतरीं पक्ष बदलले, मंत्री बदलले, आणि पहिल्या वेळीं कीलला शिकून आलेले कारागीर निवृत्त होऊन घरीं बसले. लोकसभेंत ह्या सौद्याच्या किंमतीवर कडाक्याचा वाद होईल, व तो व्हावाही. तेथें माझा एक प्रश्न कोणी विचारला तर मी आभारी होईन: सहावी पाणबुडी पुरी झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं डॉकयार्ड रोडला उतरणाऱ्या त्या माणसाच्या हाताला कोणतें काम असेल, हें ह्या करारांत कोठें लिहिलें आहे?