चाक आपलं, पानाही आपला

(महिलांच्या सायकल-दुरुस्ती शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

माझी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, ‘यांनी स्वतः विजेची सायकल बनवली.’ हे ऐकून काहीजणींना वाटलं असेल, की ही इंजिनिअर असणार. तर तसं नाही. मी एका दवाखान्यात हिशेबाचं काम करते. पुण्यात कात्रजला राहते, काम स्वारगेटच्या बाजूला. अंतर सहा-सात किलोमीटर. जाताना उतार, येताना चढ. म्हणजे सकाळी ताजंतवानं असताना सायकल आपोआप पळते आणि संध्याकाळी अंगात त्राण नसताना ढकलावी लागते. एवढ्या एका चढासाठी मी हा उद्योग सुरू केला.

आधी एक विचारते. बाईचा प्रवास कसा असतो? पुरुष घरून कामावर जातो आणि कामावरून घरी येतो. आपण घरून निघतो, मुलाला पाळणाघरात सोडतो, कामावर जातो, येताना दळण, भाजी, सासूबाईंची औषधं, मग पुन्हा पाळणाघर, मग घर. या प्रत्येक थांब्याला बस मिळत नाही. रिक्षा परवडत नाही. घरात स्कूटर असली तरी ती ज्याच्या नावावर असते, त्याच्या सोयीनं ती निघते. म्हणून आपल्या अनेक बहिणी पाच किलोमीटरच्या पलीकडचं काम घेतच नाहीत. पगार चांगला असला तरी नाही. वाहनाचा प्रश्न हा असा थेट मजुरीचा प्रश्न आहे.

तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीतल्या कामगार, अंगणवाडीच्या बाया. त्यांची चेष्टा झाली, पण त्या मागे हटल्या नाहीत. पाणी आणणं, माल बाजारात नेणं, मुलाला दवाखान्यात नेणं, कशासाठीही त्यांना कुणाची वाट बघावी लागली नाही. त्यांनी चालवणं हातात घेतलं. आपण आज बनवणं आणि दुरुस्त करणंही हातात घेऊ, एवढंच मला सांगायचं आहे.

विजेची सायकल म्हणजे फार नवलाईची गोष्ट आहे, असं समजू नका. चाकात मोटार बसवलेल्या सायकलीचं पेटंट अमेरिकेत १८९५ सालीच निघालं होतं. तिचे भाग चार: चाकातली मोटार, बॅटरी, कंट्रोलर नावाची एक डबी आणि हँडलवरची मूठ, म्हणजे थ्रॉटल. मूठ डबीला सांगते किती वेग हवा, डबी बॅटरीतून तेवढी वीज घेऊन मोटारला देते. ब्रेक दाबला की त्यातला छोटा स्विच डबीला सांगतो, वीज थांबव. बस्स, एवढंच.

मी माझी जुनी लेडीज सायकल घेतली. इथं पहिली अडचण आली. बाजारातली बहुतेक किटं पुरुषी सायकल समोर ठेवून बनवलेली असतात. बॅटरी मधल्या त्रिकोणात बसवायची, असं पत्रकात लिहिलेलं. आपल्या सायकलीला तो त्रिकोणच नसतो, कारण साडी नेसून, ओढणी घेऊन चढता यावं म्हणून वरचा दांडा खाली आणलेला असतो. तेव्हा बॅटरी मागच्या कॅरिअरवर घ्यावी लागली. मागं बॅटरीचं वजन, म्हणून मोटार मी पुढच्या चाकात बसवली. चिमटा लोखंडी असेल तरच हे करायचं. मोटार सुरू होताना तिचा एक्सल चिमट्यात उलटा फिरू बघतो. ॲल्युमिनियमचा चिमटा त्यानं फाटू शकतो आणि धावत्या सायकलीचं पुढचं चाक निखळलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून एक्सलला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, टॉर्क आर्म, बसवायचीच. ती किटमध्ये नसेल तर वेगळी घ्या. दर आठवड्याला दोन्ही नट पान्यानं तपासा. पुढच्या चाकात मोटार असली की ओल्या रस्त्यावर वळताना मूठ पिळायची नाही, चाक घसरतं. आणि सायकल जड झाली म्हणजे ब्रेकचे गट्टे नवे हवेत. मागच्या चाकाला ओढणी-साडीची जाळी हवीच.

आता हिशेब, कारण तो माझा विषय आहे. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की ३६० वॉट-तास. पॅडल मारत गेलं तर एका किलोमीटरला साधारण १० ते १५ वॉट-तास लागतात. म्हणजे एका चार्जिंगमध्ये २५ ते ३५ किलोमीटर. पूर्ण चार्ज करायला अर्धा युनिटही लागत नाही. सगळा खर्च मला २२ हजारांच्या आसपास आला, त्यातले निम्म्याहून जास्त बॅटरीचे.

कायद्याचंही ऐकून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजन बॅटरी सोडून ६० किलोच्या आत असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. लायसन्स, नोंदणी लागत नाही. पण या अटी मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेल्या असाव्या लागतात. म्हणून किट घेताना दुकानदाराकडे चाचणीचा कागद मागा. ५०० नि १००० वॉटची किटं घेण्याचा मोह धरू नका. ती लावली की तुम्ही नियमाबाहेर गेलात.

बॅटरीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याचजणी एका खोलीत राहतात. रात्री सगळे झोपलेले असताना बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. दाराच्या वाटेत लावायची नाही. गॅसशेजारी, अंथरुणाशेजारी नाही. जागं असताना, मोकळ्या जागी, फरशीवर. फुगलेली, आपटलेली, गरम होणारी बॅटरी वापरायची नाही. चार्जर तिचाच हवा. ३६ व्होल्टच्या नावाखाली दोन जाती विकल्या जातात. एकीचा चार्जर ४२ व्होल्टला थांबतो, दुसरीचा ४३.८ ला. पिन दोन्हींची सारखी असू शकते. पिन बसली म्हणून चार्जर चालतो असं नाही. आकडा वाचायचा.

आता बिघाडाकडे वळते. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो वापरायला एक दुपार पुरते.

पहिला बिघाड: बॅटरीचे दिवे लागतात, पण चाक फिरत नाही. घाबरू नका, आधी ब्रेक बघा. ब्रेकची दांडी पूर्ण मागं आली नसेल, तर डबीला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. चाक उचलून धरा, ब्रेकच्या स्विचची जोडणी सोडवा, मूठ हलकेच पिळा. फिरलं तर दोष ब्रेकच्या स्विचात. तो बदलेपर्यंत रस्त्यावर जायचं नाही. फिरलं नाही तर मूठ तपासा. तिच्या तीन वायरींपैकी एकीत सुमारे ५ व्होल्ट येतात. तिसऱ्या वायरीत मूठ सोडलेली असताना एकाच्या आसपास व्होल्ट दिसतो आणि पिळली की तो साडेतीन-चारपर्यंत चढतो. आकडा हललाच नाही, तर मूठ गेली. हा स्वस्तातला भाग आहे.

दुसरा: चाक थरथरतं, घरघरतं, पण उचल घेत नाही. मोटारला तीन जाड आणि पाच बारीक वायरी जातात. वीज बंद करून सगळ्या जोडण्या बघा, एखादी सैल किंवा काळवंडलेली सापडते. नाही सापडली, तर वीज चालू करून, मूठ न पिळता, चाक हातानं हळू फिरवा. पाच बारीक वायरींपैकी दोन विजेच्या, उरलेल्या तिन्हींवर आकडा शून्य आणि पाचच्या मध्ये उड्या मारायला हवा. एक जागेवर थिजली, तर दोष तिथं. गिअरवाल्या मोटारचं चाक मात्र उलटं फिरवायचं. सरळ फिरवलं तर आतली मोटार फिरतच नाही आणि चांगली मोटारही बिघडली असं वाटतं.

तिसरा आपल्या पावसाचा. पाणी वायरीवरून ओघळत मोटारीत किंवा जोडणीत शिरतं. उपाय सोपा आहे. वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोका द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. जोडण्यांची तोंडं खाली ठेवायची. भिजलेली जोडणी वाळवल्याशिवाय वीज चालू करायची नाही.

चौथा माझ्यावर आलेला. संध्याकाळी चढावर बॅटरी एकदम बंद पडायची, खाली उतरलं की पुन्हा चालू. मी ती दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, ‘मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो.’ आणि न उघडताच सांगितलं, बॅटरी नवी घ्या. मी परत आले. चार दिवस हँडलवरच्या मीटरचे आकडे वहीत लिहिले. चार्ज झाल्यावर ४१.९. सपाटीवर ३८. चढावर ३४ आणि लगेच बंद. चांगली बॅटरी ३० च्या जवळ जाईपर्यंत थांबत नाही. म्हणजे आतल्या दहा जोड्यांपैकी एखादी कमजोर आहे आणि तिला वाचवायला आतली सुरक्षा-पट्टी सगळी वीज तोडते आहे. वही घेऊन दुसऱ्याकडे गेले. त्यानं आकडे बघितले, बॅटरी उघडली, एका जोडीचा जोड सैल झाला होता. नव्या बॅटरीच्या दहाव्या हिश्शात काम झालं. बॅटरी मी स्वतः उघडली नाही, तुम्हीही उघडू नका, ते जोखमीचं काम आहे. पण काय बिघडलंय हे आपल्याला माहीत असेल, तर आपल्याशी बोलण्याची पद्धत बदलते.

आता जरा अवघड गोष्ट. आमच्या गटातल्या एका घरकाम करणाऱ्या बाईनं कर्ज काढून अशी सायकल केली. तिला दोन घरांची कामं जास्त घेता आली. महिन्याभरात मुलगा कॉलेजला ती सायकल नेऊ लागला. ‘तुला काय, बस आहे ना.’ हप्ते मात्र तीच भरत होती. शेवटी गटाच्या बायका घरी गेल्या, मुलाशी बसून बोलल्या आणि बॅटरीची किल्ली तिच्याकडे आली. लक्षात घ्या, या सायकलीला नोंदणी नाही, म्हणजे मालकी दाखवणारं आर.सी. बुकही नाही. बिल हाच एक कागद. तेव्हा किटचं, बॅटरीचं, प्रत्येक बिल स्वतःच्या नावावर घ्या आणि जपून ठेवा.

दुसरं, माझा रोजचा पाऊण तास वाचतो. तो कुणाच्या वाट्याला जातो? पहिल्या आठवड्यात घरच्यांनी तो वाटूनच टाकला होता: ‘लवकर येतेस तर पोळ्या गरम करत जा.’ यंत्र वेळ वाचवतं, पण तो आपल्याकडे ठेवण्यासाठी भांडावंच लागतं. आणि रस्त्यावरचे बंद दिवे, छेडछाड, बायकांसाठी नसलेली स्वच्छतागृहं, यांच्यावर कुठल्याच सायकलीत उत्तर नाही. ती लढाई चालूच राहील.

तेव्हा माझी सूचना अशी. प्रत्येक गटानं मिळून एक पेटी करावी: पान्यांचा संच, पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर, पंक्चरचं सामान आणि एक वही. वहीत कुणाची सायकल, काय बिघाड, काय आकडे, काय केलं, हे लिहायचं. महिन्यातून एक दुपार सगळ्यांनी सायकली घेऊन जमायचं. ज्या बाईची सायकल, तिच्याच हातात पाना द्यायचा. जिला येतं तिनं शेजारी बसून नुसतं सांगायचं, हात लावायचा नाही. वेळ जास्त लागेल, लागू द्या.

जेवणानंतर आपण पाचपाचजणींचे गट करू. माझी सायकल बाहेर उभी आहे. तिच्या दोन जोडण्या मी मुद्दाम सोडून ठेवल्या आहेत. कुठल्या, ते तुम्ही शोधायचं.

एवढं बोलून थांबते.