तोरणा उंच की बेन नेव्हिस?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रथम वर्षाच्या वर्गात मी इंग्रजीचा तास घेत होतो. धड्यात बेन नेव्हिस या पर्वताचं नाव आलं. नेहमीच्या सवयीनं मी अर्थ सांगितला, "ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर," आणि पुढच्या ओळीकडे वळलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून वेल्ह्याकडच्या एका मुलानं विचारलं, "सर, आपल्या तोरण्यापेक्षा किती उंच असंल?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "अरे, खूपच उंच! तिथं बर्फ पडतो." मुलगा खाली बसला आणि त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. आपण पाहून सांगितलं, की नुसतं ठोकून दिलं? पुस्तक काढून पाहिलं. बेन नेव्हिसची उंची १३४५ मीटर. तोरण्याची १४०३ मीटर. तोरणा तर तोरणाच, पण समोरचा राजगडसुद्धा बेन नेव्हिसहून थोडा उंचच भरतो! म्हणजे आमच्या मुलांच्या घराच्या मागं, जिथं गुरं चारायला नेतात, तिथं ब्रिटनच्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंच असे दोन डोंगर उभे आहेत, आणि त्यांच्याच मास्तरांनी त्यांना उलटं सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी चूक कबूल केली. पण तो मुलगा नेमका आला नव्हता. भातलावणीचे दिवस होते, पुढंही तो फारसा दिसला नाही. दिवाळीनंतर कळलं, की त्यानं कॉलेज सोडलं आणि शिरवळकडे एका कारखान्यात लागला. माझं चुकीचं उत्तर त्याच्या वहीत तसंच राहून गेलं. आजचं हे भाषण म्हणजे, खरं सांगायचं तर, त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

मग आता ब्रिटन हा ठेंगणा देश म्हणून मोकळं व्हायचं का? तसंही नाही. त्या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ. आधी त्या देशाची थोडी ओळख करून घेऊ; पण ती भोर-वेल्ह्याच्या मापानं. इंग्रजी शिकणाऱ्याला त्या देशाचा नकाशा पाठ असून भागत नाही. शब्द ज्या हवेत आणि ज्या मातीत वाढले, ती हवा कशी आहे हे कळावं लागतं.

'बेन' या शब्दापासूनच सुरुवात करू. हे कुणा माणसाचं नाव नव्हे, बरं का! मुलांना तसंच वाटतं. बेन म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत डोंगर. तिथं 'लॉख' म्हणजे तळं, 'ग्लेन' म्हणजे अरुंद खोरं. खाली उत्तर इंग्लंडमध्ये या, तर खोऱ्याला 'डेल' म्हणतात आणि नदीचं नाव त्याला जोडतात. व्हार्फ नदीचं ते व्हार्फडेल. आपल्याकडे वेळवंडीचं वेळवंड खोरं, गुंजवणीचं गुंजण मावळ, कानंदीचं कानंद मावळ, रीत तीच. गावांच्या नावांचंही असंच. मँचेस्टर, लँकेस्टर यांतलं 'चेस्टर' किंवा 'कॅस्टर' हे रोमन लोकांच्या छावणीची खूण सांगतं. डर्बी, व्हिटबी यांतला 'बी' हा समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांचा. त्याचा अर्थ गाव. आपल्याकडच्या बुद्रुक आणि खुर्द या शब्दांत जसा फारसीचा काळ गोठून राहिला आहे, तसाच तिथल्या गावांच्या नावांत हजार-दीड हजार वर्षांचा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब आहे.

तेव्हा बेन नेव्हिस इंग्लंडमध्ये नाही, स्कॉटलंडमध्ये आहे. ही चूक परीक्षेत पुष्कळांची होते, आणि एखाद्या स्कॉटिश माणसापुढं केलीत तर तो गुण कापणार नाही, पण चेहरा जरूर पाडील. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं, की युनायटेड किंगडम. एवढं सगळं मिळूनसुद्धा क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा कमीच भरतं. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची संसद १७०७ साली एक झाली. पण स्कॉटलंडचे कायदे, न्यायालयं आणि चर्च आजही वेगळी आहेत. भोर संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं, तरी भोरचा जुना माणूस स्वतःला संस्थानातला म्हणवतो, हे ज्यानं ऐकलं आहे त्याला स्कॉटिश माणसाचा अभिमान समजावून सांगावा लागत नाही.

आपण मात्र सगळ्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणतो. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार पाहणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश होता. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लिहून काढणारा ग्रँट डफ, तोही स्कॉटिश. आणि वेल्स शोधायला तर भोरच्या लोकांनी फार लांब जायला नको. भाटघरचं धरण १९२८ साली खुलं झालं, तेव्हा त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचं नाव होतं. लॉइड हे मूळ वेल्श भाषेतलं आडनाव. त्या भाषेतल्या करड्या रंगाच्या शब्दावरून आलेलं. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला दोन 'एल' का, असं मुलं विचारतात. वेल्श भाषेत त्या दोन 'एल'चा मिळून एक खास उच्चार आहे, तो इंग्रज माणसालासुद्धा साधत नाही. आपला 'ळ' तरी कुठं साधतो त्याला? आज धरणाच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते योग्यच झालं. पण म्हातारी माणसं अजून 'लॉइड धरण' म्हणतात.

धरणावरून पाऊस आठवला. इंग्लंड म्हणजे सतत पाऊस, अशी आपली समजूत. आकडे काही निराळंच सांगतात. लंडनला वर्षाकाठी पडतो सुमारे ६०० मिलिमीटर. पुण्यातही त्याहून अधिक पडतो, आणि वेल्ह्याकडे चार महिन्यांत लंडनच्या कितीतरी पट. फरक पडण्याच्या तऱ्हेत आहे. आपला पाऊस वर्षाचं देणं चार महिन्यांत फेडून मोकळा होतो. त्यांचा पाऊस बारा महिने हप्त्यानं येतो. आज आहे, दुपारी नाही, संध्याकाळी पुन्हा आहे. म्हणून दोन अनोळखी माणसं भेटली, की ती हवेविषयी बोलतात. आपल्याला ते बोलणं पोकळ वाटतं. पण आपणही एस.टी.त शेजारच्याला "कुठल्या गावचं?" म्हणून विचारतोच, तसंच ते. उत्तरासाठी नव्हे, ओळखीसाठी.

तिथंही डोंगर पश्चिमेला आहेत. समुद्रावरून येणारे वारे त्यांना अडतात आणि तिथंच रिते होतात. पश्चिमेकडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सीथवेट नावाचं गाव आहे, तिथं ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लंडन पूर्वेला, ते कोरडं. हे चित्र भोरच्या माणसाला नवं नाही. इकडे हिरडस मावळात धो धो, आणि तिकडे बारामतीवर नुसते ढग. म्हणून तर भाटघरला पाणी अडवून नीरेच्या कालव्यानं ते पूर्वेला न्यावं लागलं.

आता हाच पाऊस भाषेत काय करतो पाहा. इंग्रजीत अडचणीच्या दिवसाला 'रेनी डे' म्हणतात. चार पैसे बाजूला टाकायचे ते त्या दिवसासाठी. माझ्या एका विद्यार्थिनीनं वाक्यात उपयोग केला तो असा, की शेतकऱ्याच्या आयुष्यात शेवटी 'रेनी डे' आला आणि तो सुखी झाला. व्याकरण बिनचूक! मी तांबडी रेघ ओढली खरी, पण तिचं चुकलं असं म्हणायला मन होईना. इरलं पाठीवर घेऊन आईनं लावलेलं भात तिनं पाहिलं होतं. पावसाचा दिवस वाईट कसा असेल?

ऊन आणि थंडी यांचंही तेच. इंग्रज पाहुण्याचं 'वॉर्म वेलकम' करतो; जिथं वर्षाचा बराच काळ ऊब मिळत नाही, तिथं ऊब म्हणजेच प्रेम. आपण चैत्रात आलेल्या पाहुण्यापुढं गूळपाणी ठेवतो, त्याला पाहून आपले डोळे निवतात, काळजाला थंडावा वाटतो. उलट इंग्रजीत कुणी 'कोल्ड' वागला म्हणजे तुसडेपणानं वागला. शेक्सपिअरच्या एका गाजलेल्या सुनीतात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी केली आहे. भोरमध्ये वैशाखात कुणी बायकोला असं म्हणून पाहावं!

हे सगळं अक्षांशाचं. भोर १८ अंशांवर, लंडन साडेएकावन्नवर. जूनमध्ये लंडनला सोळा तासांहून मोठा दिवस, रात्री नऊनंतरही उजेड. डिसेंबरमध्ये आठ तासही नाही, चारच्या आत सूर्य मावळलेला. कादंबरीत दुपारी चारला दिवे लागलेले वाचून मुलं छपाईची चूक समजतात. इतक्या उत्तरेला असूनही तिथली बंदरं हिवाळ्यात गोठत नाहीत, कारण अटलांटिकमधून येणारा उष्ण प्रवाह किनाऱ्याला ऊब देतो.

समुद्राविषयी एक सांगायला हवं. ब्रिटनमध्ये कुठंही उभे राहा, समुद्र साधारण सत्तर मैलांच्या आत असतो. आता गंमत अशी, की भोरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तर तोही सत्तर मैलांच्या आतच आहे. पण मधे सह्याद्री उभा आहे, आणि वरंधा घाट उतरल्याखेरीज खारा वारा लागत नाही. तिकडे थेम्स नदीतून भरतीचं पाणी थेट लंडन शहरात चढतं. म्हणून गोंधळलेल्या माणसाला इंग्रजीत 'अ‍ॅट सी' म्हणतात, सुरळीत काम म्हणजे 'प्लेन सेलिंग', आणि कामाची माहिती करून घेणं म्हणजे 'लर्निंग द रोप्स', शिडाचे दोर ओळखणं. आपण माणसाला समुद्रात सोडत नाही. आपण त्याला खिंडीत गाठतो.

शाळेत डॅफोडिल्सवरची वर्ड्‌स्वर्थची कविता बहुतेकांनी वाचली असेल. खाली टीप असते, 'एक पिवळे फूल'. मीही वर्षानुवर्षं तेवढंच सांगत आलो. वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांनी ती फुलं १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याच्या काठी पाहिली. बहिणीनं रोजनिशीत नोंद केली, भावानं कविता पुढं दोन वर्षांनी लिहिली. आता मी वर्गाला विचारतो, भाद्रपदात राजगडाच्या माचीवर कोण गेलं होतं? सोनकी पाहिलीत? लगेच चार हात वर होतात. मग फरक सांगणं सोपं जातं. सोनकी पावसानंतर फुलते, तेव्हा आधीच सगळं हिरवं असतं. डॅफोडिल फुलतं ते लांबलचक, अंधाऱ्या हिवाळ्यानंतर. तो आनंद सुटकेचा आहे.

संस्कृतीविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण तिनं आमच्या मुलांचं प्रत्यक्ष नुकसान होतं. आपण "पुस्तक द्या" म्हणतो, तेव्हा आदर त्या 'द्या'मध्येच असतो. इंग्रजीत क्रियापदाला तो गुण नाही. तिथं 'यू' म्हणजे तू, तुम्ही आणि आपण, सगळं एकच. मग आदर ठेवायचा कुठं? तो ते 'प्लीज'मध्ये, 'कुड यू'मध्ये आणि पदोपदीच्या 'थँक यू'मध्ये ठेवतात. आपला मुलगा मुलाखतीला जातो, मनात 'द्या' म्हणतो आणि तोंडानं 'गिव्ह मी' म्हणतो. समोरच्याला तो उद्धट वाटतो. मुलगा बिचारा नम्रच असतो, पण त्याची नम्रता भाषांतरात गळून पडलेली असते. उच्चारापायी तर मुलं उगीच झुरतात. ग्लासगोचा माणूस आणि लंडनचा माणूस यांचे उच्चार एकमेकांशी जुळत नाहीत. मावळातल्या मुलाचे दोघांशीही जुळले नाहीत तर बिघडलं कुठं? पण 'प्लीज' विसरू नये.

आता राहिला तो उंचीचा प्रश्न. वेल्हे गावच मुळी समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंचीवर वसलं आहे. तिथून तोरणा चढायचा तो उरलेलाच. बेन नेव्हिसचा पायथा मात्र जवळजवळ समुद्राच्या पाण्याशी टेकलेला आहे. फोर्ट विल्यम गावातून निघालं, की सबंध तेराशे मीटरचा डोंगर अंगावर येतो. आणि तिथं बर्फ पडतो तो उंचीपेक्षा जास्त अक्षांशामुळं.

माझा तो विद्यार्थी हे वाचत असेल, तर त्याला एवढंच सांगायचं आहे: वहीतलं 'खूपच उंच' खोडू नकोस, पायथ्यापासून मोजलं तर ते बरोबर आहे. शेजारी फक्त एवढं लिहून ठेव, समुद्रसपाटीपासून मोजलं, तर तोरणा ५८ मीटरनी वर.